दहा वर्षं टिकेल असा कम्प्युटर

२०२५च्या भाऊबीजेला बाबांसोबत आत्याकडे गेले होते. तिचं गाव खालापूर तालुक्यात, खोपोलीहून रिक्षानं अर्ध्या तासावर. फराळाचं ताट पुढे ठेवून ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "तू कम्प्युटरचं शिकलीस ना? मग एक सांग. दहा वर्षं टिकेल असा कम्प्युटर कुठला घ्यायचा?"

मला हसू आलं. "आत्या, आता सगळं मोबाइलवर होतं."

"तुझं होतं. माझ्या गटाचं होत नाही."

आत्याचा बचत गट चौदा बायकांचा. दरमहा बचत, त्यातून कर्ज, कर्जाचे हप्ते, बँकेला द्यायचे तक्ते. २००८मध्ये गटानं पैसे जमवून एक असेंबल्ड कम्प्युटर घेतला होता. २०२२च्या जूनमध्ये गावाजवळ वीज पडली आणि तो बंद पडला. तेव्हापासून तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला. त्यानंतरचा हिशेब वहीत आहे. आधीच्या वह्यांपैकी दोन वर्षांच्या वह्या गळक्या छपराखाली भिजून गेल्या. आता गटातल्या एक काकू मुलाकडे पनवेलला कायमच्या राहायला चालल्या होत्या आणि त्यांना आपल्या बचतीचा पहिल्यापासूनचा हिशेब हवा होता.

"तो वहीत नाही आणि माझ्या डोक्यातही नाही," आत्या म्हणाली. "त्या डब्यात आहे. तो डबा आधी उघडून दे आणि नवा कुठला घ्यायचा ते सांग. गटानं तीस हजार बाजूला काढलेत. पुन्हा पुन्हा निघायचे नाहीत."

रात्री घरी येऊन मी फोनवर शोधत बसले. कुठला प्रोसेसर वेगवान, कुठल्यावर गेम चांगले चालतात, कुठली ऑफर उद्या संपते, हे सगळं सापडलं. दहा वर्षांचं कुणी बोलत नव्हतं. मग वाटलं, आपल्या या दोन तालुक्यांत शंभर-शंभर वर्षं यंत्रं चालली आहेत. ती कशी चालली, ते तरी पाहू.

*

खोपोलीत वाढलेल्या कुणालाही डोंगरावरून उतरणारे ते जाड पाइप माहीत असतात. वर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरोता आणि लोणावळा हे तलाव. पावसाळ्यात तिथं पाणी साठवायचं, पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली खोपोलीत सोडायचं, त्याच्या जोरावर चाकं फिरवायची आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४मध्ये गेले. कंपनी १९१०मध्ये स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९१५मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. १९२२मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर आलं.

दोन्ही वीजघरं आजही चालू आहेत. पण १९१५ची मूळ यंत्रं आज तिथं वीज करत नाहीत. ती जुनी झाली तशी त्यांच्या जागी नवी आली. तलाव तेच राहिले, डोंगराचा उतार तोच राहिला, पाणी खाली आणून चाक फिरवायची रीतही तीच. एक यंत्र बदलायचं म्हणून कुणाला धरण पाडावं लागलं नाही.

वहीत मी पहिली नोंद केली: टिकाऊ वस्तू म्हणजे कधीच न बिघडणारी वस्तू नव्हे. जिचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, ती टिकाऊ.

या विजेची दुसरीही एक गोष्ट आहे. ती इथं तयार व्हायची, पण इथल्यासाठी नव्हती. मनोरे कर्जतच्या शेतांतून जायचे आणि त्यांच्या खालच्या बहुतेक गावांत कंदील असायचे. १९४२च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांच्या आझाद दस्त्यानं हेच मनोरे पाडायला सुरुवात केली. मुंबईचे कारखाने युद्धाचा माल काढत होते आणि त्यांची वीज या तारांतून जात होती. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

आत्याच्या कम्प्युटरशी याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध साधा आहे. वाड्या-वस्त्यांपर्यंत वीज पोचली ती सगळ्यात शेवटी, लांब तारेच्या टोकाला. टोकावरच्या घरात दाब कमी-जास्त होतो. संध्याकाळी पंखा मंदावतो, रात्री बल्ब एकदम लख्ख होतो. पंखा हे सहन करतो. कम्प्युटरच्या आतल्या नाजूक भागांना ते झेपत नाही. म्हणून कुठला कम्प्युटर, याच्या आधी विचारायचा प्रश्न असा: तो ज्या सॉकेटला लावायचा, त्याचं अर्थिंग नीट आहे का?

दुसऱ्या आठवड्यात वायरमनला घेऊन गेले. आत्याच्या सॉकेटमध्ये तिसरं भोक होतं, त्याच्यामागे वायरच नव्हती. चौदा वर्षं तो कम्प्युटर अर्थिंगशिवाय चालला होता.

*

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की लोक वडा घ्यायला धावतात. दिवाडकरांचा वडा इतका प्रसिद्ध झाला, याचं एक कारण गाडी तिथं थांबायचीच हे आहे. मागे जादा इंजिनं जोडायची असतात. भोर घाटाचा चढ १:३७चा, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. १८६३मध्ये हा घाटमार्ग सुरू झाला तेव्हापासून हा चढ रेल्वेची परीक्षा घेतो आहे. गाडीचं स्वतःचं इंजिन सपाटीवर पुरतं, घाटात पुरत नाही. म्हणून कर्जतला मागून इंजिनं लावायची, घाट चढून झाला की सोडायची. त्यांना बँकर म्हणतात.

यातला शहाणपणा मला आधी कधी लक्षात आला नव्हता. एका घाटासाठी मुंबईपासून सोलापूरपर्यंत तीन-चार इंजिनं ओढत न्यायची नाहीत. रोजच्या वाटेला जेवढं लागतं तेवढंच कायम जवळ ठेवायचं. क्वचित लागणारी ताकद तेवढ्यापुरती मागून घ्यायची.

कम्प्युटर घेताना आपण नेमकं उलटं करतो. कधीतरी व्हिडिओ एडिट करू, कधीतरी मोठा गेम खेळू, म्हणून महागडं ग्राफिक कार्ड घेतो. ते जास्त वीज घेतं, जास्त तापतं, त्याला मोठा पंखा लागतो, पंख्यात धूळ जाते. ताकद जास्त तशी उष्णताही जास्त, आणि उष्णतेनं आतले भाग लवकर थकतात. आत्याला काय लागणार होतं? हिशेबाचा तक्ता, मराठी टायपिंग, प्रिंट, सातबारा काढणं, कुणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरणं. हा सगळा सपाटीवरचा प्रवास. याला साधा प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम पुरते. पुढे घाट आलाच, तर रॅमची आणखी एक पट्टी लावायला जागा मोकळी असली म्हणजे झालं. हा आपला बँकर.

याच घाटमार्गावर 'खेकडा' नावाची इंजिनंही धावली. मुंबई-पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं तेव्हा, १९२८च्या सुमाराला, मालगाड्यांसाठी ती आली. रचना स्वित्झर्लंडची. चालताना डुलायची, उभी असताना कण्हल्यासारखा आवाज काढायची, म्हणून नाव पडलं खेकडा. घाटातलं काम नव्या इंजिनांकडे गेल्यावर त्यांना यार्डातलं हलकं काम मिळालं. अशी ती अर्ध्या शतकाहून जास्त काळ कामात राहिली. वय झालेल्या यंत्राला भंगारात काढण्याआधी हलकं काम देऊन पाहावं, ही दुसरी नोंद.

*

तिसरी गोष्ट टाइपरायटरची. गोदरेजनं १९५५मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. तालुक्याच्या गावात कचेरीबाहेर छत्रीखाली बसलेला टायपिस्ट ही एक संस्थाच होती. अर्ज, प्रतिज्ञापत्र, करारनामा, सगळं त्या ठोक्यांतून बाहेर यायचं. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झालं की नोकरीच्या रांगेत उभं राहता यायचं. बाबा ती परीक्षा पास झाले होते. ज्या क्लासमध्ये ते शिकले, तिथली मशीन त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांनी बडवलेली होती. रिबीन बदलायची, तेल घालायचं, वाकलेला दांडा सरळ करायचा, की चालू.

गोदरेजनं टाइपरायटर बनवणं २००९मध्ये थांबवलं. मशीन वाईट झाली म्हणून ते थांबलं नाही. कचेऱ्यांत कम्प्युटर आले, पुढे टायपिंगची परीक्षाही कम्प्युटरवर गेली, रिबीन मिळेनाशी झाली. बाबांच्या क्लासमधली मशीन कदाचित आजही चालेल. तिच्यावर टाइप केलेलं स्वीकारणारी खिडकी उरलेली नाही.

म्हणजे यंत्राला दोन मरणं असतात. एक आतून येतं, भाग झिजून. दुसरं बाहेरून येतं, जग त्याच्याशी बोलणं थांबवतं तेव्हा. कम्प्युटर बहुतेक वेळा या दुसऱ्या मरणानं जातो. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टनं तिची सुरक्षेची अपडेट देणं बंद केलं. आत्याचा २००८चा कम्प्युटर एक्सपीवरच होता. त्या दिवसानंतरही तो रोज सुरू होत होता, पण हळूहळू बँकेची वेबसाइट त्याच्यावर उघडेना. विंडोज १० जुलै २०१५मध्ये आली, तिचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आत्यानं मला प्रश्न विचारला, त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी.

ही तारीख महत्त्वाची, कारण तिच्यामुळे बाजारात जुने कम्प्युटर स्वस्तात यायला लागले. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७ची. त्याआधीचे चांगले धडधाकट कम्प्युटर यामुळे एका दिवसात म्हातारे ठरले. दुकानदार "आय फाइव्ह आहे" एवढंच सांगतो, पिढी सांगत नाही. ती आपण विचारायची.

*

आता कम्प्युटरचाच इतिहास. सत्तरच्या दशकात भारतातल्या मोठ्या कचेऱ्यांत आयबीएमचे कम्प्युटर असायचे. १९७८मध्ये आयबीएमनं भारतातला कारभार गुंडाळला. कंपनी गेली, यंत्रं इथंच राहिली. ती सांभाळायची कुणी? सरकारनं त्याआधी काही वर्षं एक कंपनी काढली होती, कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. पुढे ती सीएमसी या नावानं ओळखली गेली. देशभर पसरलेल्या त्या यंत्रांची देखभाल तिनं अंगावर घेतली. याच कंपनीनं नंतर रेल्वे आरक्षणाची संगणक प्रणाली उभी केली. मला यातलं एवढंच लक्षात ठेवावंसं वाटतं, की आपल्याकडच्या एका मोठ्या संगणक कंपनीची सुरुवात दुसऱ्यानं सोडून दिलेली यंत्रं चालू ठेवण्यापासून झाली.

मग १२ ऑगस्ट १९८१. आयबीएमनं अमेरिकेत आपला पर्सनल कम्प्युटर जाहीर केला. कामाची घाई होती, म्हणून त्यांनी सगळं स्वतः बनवलं नाही. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची, बाकी भागही बाजारातून घेतलेले. शिवाय आतली रचना सांगणारं पुस्तक छापून विकायला ठेवलं, जेणेकरून इतरांना त्यात बसणारी कार्डं बनवता यावीत. दोन वर्षांच्या आत कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी अगदी तसाच चालणारा कम्प्युटर बनवला. आयबीएमच्या हातून बाजार निसटला, पण जगाला एक ठरलेला साचा मिळाला. एकाचा भाग दुसऱ्यात बसायला लागला.

भारतात १९८४च्या संगणक धोरणानं सुट्या भागांच्या आयातीची वाट सोपी केली. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होतीच, तिथं कम्प्युटरचे भाग दिसायला लागले. १९९५मध्ये इंटेलनं एटीएक्स हे माप आणलं: मदरबोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठं, एसएमपीएसची जोडणी कशी. ते माप आजही चालतं. कर्जत-खोपोलीहून लोकलनं जाऊन पिशवीत भाग घालून आणायचे आणि इथं जोडायचे, हा धंदा याच मापावर उभा राहिला. पुढे २००१मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरीसाठी ती लागायला लागली आणि गावोगाव क्लास निघाले. तिथले कम्प्युटर बिघडायचे आणि क्लासमधलीच पोरं ते उघडून दुरुस्त करायची. आज कर्जत किंवा खोपोलीत जो मेकॅनिक भेटतो, तो बऱ्याचदा असाच शिकलेला असतो.

आत्याचा २००८चा डबा याच परंपरेतला होता.

*

तो आम्ही ओटीवर उघडला. दोन स्क्रू, बाजूचं झाकण निघालं. आत धूळ, कोळ्याची जाळी, पालीची अंडी. मदरबोर्डवरचे तीन-चार कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. त्या दशकात खराब कपॅसिटरची साथच आली होती, मोठमोठ्या कंपन्यांचे कम्प्युटरही त्यात गेले. म्हणजे वीज पडली नसती, तरी हा बोर्ड फार दिवसांचा सोबती नव्हता. एसएमपीएस जळालेला. पण हार्ड डिस्क वेगळ्या खणात, चार स्क्रूवर बसवलेली. ती काढून रुमालात गुंडाळली आणि कर्जतला स्टेशनजवळच्या एका मेकॅनिककडे नेली. त्यानं एक केबल लावली, कान डिस्कजवळ नेला आणि म्हणाला, "फिरतेय."

फाइली सगळ्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर पहिली उघडली आणि पोटात गोळा आला. नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, टोप्या.

हा दोष डिस्कचा नव्हता. युनिकोड येण्याआधी, आणि आल्यानंतरही बरीच वर्षं, मराठीचं बरंचसं टायपिंग एका युक्तीवर चालायचं. कम्प्युटरच्या हिशेबी आपण इंग्रजी अक्षरंच टाइप करायचो. फक्त फॉन्ट असा असायचा, की त्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चा किंवा 'म'चा आकार दिसे. फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की गचाळा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकीचं लेखन दुसरीत वाचता येत नसे. खरं तर देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१मध्येच, पहिल्या आवृत्तीपासून, स्वतःचे क्रमांक मिळाले होते. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. पण एक्सपीवर युनिकोड मराठी चालवायला सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागायची. ती बसवायची असते, हे २००८मध्ये गटाला कुणी सांगितलं नव्हतं. कम्प्युटर जोडून देणाऱ्यानं त्याच्याकडे होता तो फॉन्ट टाकून दिला होता.

फॉन्टचं नाव फाइलमध्ये सापडलं. तसल्या मजकुराचं युनिकोड करून देणारं कन्व्हर्टर मिळालं. तरी रफार भलत्या अक्षरावर, जोडाक्षरं मोडलेली, पहिली वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूला. तीन संध्याकाळी आत्या आणि मी बसलो. मी वाचायचे, ती चूक सांगायची. "ती सुवर्णा नाही, सुर्वे. आडनाव आहे ते." आकडे साध्या अंकांत असल्यामुळे वाचले होते.

काकूंचं खातं निघालं. भिजलेल्या वह्यांच्या दोन वर्षांपैकी बावीस महिन्यांची बचत त्यात होती. दोन महिने रिकामे होते. काकू आधी म्हणाल्या, मी कधी चुकवलं नाही. मग महिने पाहिले आणि गप्प झाल्या. "सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा," त्या म्हणाल्या. हिशेब मान्य झाला, पैसे मिळाले. पण हे सगळं व्हायला एक फिरणारी डिस्क, एक ओळखीचा मेकॅनिक आणि एक कन्व्हर्टर, असं तिन्ही जुळून यावं लागलं. यातलं एक नसतं, तर काकूंच्या शब्दावर गट उभा राहिला असता की तुटला असता, सांगता येत नाही.

*

आता निवड. तीन गोष्टी समोर होत्या.

लॅपटॉप आधी बाद झाला. बॅटरी फुगते, बिजागरी मोडते, की-बोर्डवर चहा सांडला की सगळंच दुरुस्तीला जातं. डेस्कटॉपचा की-बोर्ड बिघडला तर तेवढाच नवा आणायचा.

दुसरी गोष्ट, मोठ्या कंपनीचा ऑफिसातला वापरलेला डेस्कटॉप. मुंबई-पुण्याच्या कंपन्या तीन ते पाच वर्षांनी असे कम्प्युटर बदलतात आणि ते साफसूफ करून विकले जातात. मजबूत असतात, स्वस्तही. माझं मत याच बाजूला होतं. पण आत्यानं मेकॅनिकला एकच प्रश्न विचारला: "याचा एसएमपीएस उडाला तर तुझ्याकडे मिळेल?" तो म्हणाला, "याचा आकार कंपनीचा स्वतःचा आहे, मावशी. मागवावा लागेल. आठ दिवस तरी."

"आणि असेंबल्डचा?"

"तो आत्ता या फळीवर आहे."

तिनं असेंबल्ड घेतला. मी जे वहीत चार पानं लिहून शोधत होते, ते तिनं एका प्रश्नात विचारलं होतं. ज्याला पैसे कमी पडत असतील आणि जवळ चांगला मेकॅनिक असेल, त्यानं वापरलेला घ्यायला हरकत नाही. फक्त आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नये, किंवा घेतला तर त्यावर लिनक्स टाकावी. जुन्या कम्प्युटरला दुसरं आयुष्य द्यायचा तो चांगला रस्ता आहे. दहा वर्षांनी आत्याच्या कम्प्युटरवरही बहुधा तेच करावं लागेल. तेव्हा त्याला खेकड्यासारखं हलकं काम मिळेल.

घेतलं ते असं: ठरलेल्या मापाचा साधा मदरबोर्ड, मधल्याहून खालच्या दर्जाचा पण नव्या पिढीचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. आठ जीबीची एक पट्टी, दुसरी जागा मोकळी. फिरणाऱ्या डिस्कऐवजी एसएसडी, कारण तिच्यात हलणारं काही नसतं. एसएमपीएसवर काटकसर केली नाही. सोबत यूपीएस. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, ते गटाच्या खर्चात आजच लिहून ठेवलं. मॉनिटर गटानं २०१७मध्ये बदलला होता, तो चालू होता. त्याची निळी पिन व्हीजीएची, १९८७ सालचं माप. नव्या बोर्डवर ती जागा होती. अडतीस वर्षांपूर्वी ठरलेली पिन तिथं बसली, तेव्हा मला लॅमिंग्टन रोडला हात जोडावेसे वाटले.

मराठी सगळं युनिकोडमध्ये. फाइली महिन्याच्या शेवटी पेन ड्राइव्हवर आणि माझ्या मेलवर. दर तीन महिन्यांनी तक्त्याचं प्रिंट काढून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि फाइल पत्र्याच्या पेटीत. आत्यानं वही मात्र बंद केली नाही. "तुझं ते युनिकोड राहू दे," ती म्हणाली, "वहीला पिन लागत नाही."

पैसे देण्याआधी तिनं मेकॅनिकला एक अट घातली. गटातल्या तीन बायकांना झाकण उघडायला, रॅम काढून बसवायला आणि पंख्याची धूळ ब्रशनं काढायला शिकवायचं. तो आधी हसला, मग शिकवलं. सगळ्यात पटकन शिकली ती गटातल्या एका बाईची बारावीतली मुलगी. आत्यानं स्क्रू ड्रायव्हर तिच्याकडेच ठेवायला दिला.

कॅबिनेटच्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. आत्याच्या अक्षरात घेतल्याची तारीख, मेकॅनिकचा नंबर, यूपीएसची बॅटरी कधी बदलायची ते साल. या सगळ्याच्या वर, लाल पेनानं, एक ओळ आहे: गडगडायला लागलं की आधी पिन काढा.